ध्रुवावरचा गॅस आणि आपल्या दारातला गॅस



मागे एकदा तलवाड्याला गेलो होतो. त्वरिता देवीचे दर्शन घेऊन एका वस्तीवर चहाला थांबलो. घरातला कॉलेजात जाणारा नातू मोबाईलवर काहीतरी वाचून धास्तावला होता. म्हणाला, "साहेब, उत्तर ध्रुवावरचे बर्फ वितळून खालचा मिथेन एकदम बाहेर पडणार आणि दोन-चार वर्षांत शेती बंद पडणार म्हणे. खरे का?" मी उत्तर देण्याआधीच आजोबा म्हणाले, "साहेब, ते ध्रुवाचं राहू द्या. आमचा गोबरगॅस पेटंना झालाय, ते आधी बघा."

मंडळी, नातवाचा आणि आजोबांचा प्रश्न दिसायला वेगळा, पण गॅस एकच आहे.

शेण किंवा पालापाचोळा हवा न लागता कुजला की जिवाणू त्यातून मिथेन तयार करतात. गोबरगॅसमध्ये शंभरात ५५ ते ६० भाग मिथेनच असतो. उत्तर ध्रुवाच्या भोवती, सैबेरिया, अलास्का आणि कॅनडात, हजारो वर्षे गोठून पडलेली जमीन आहे. तिच्यात जुने गवत, मुळ्या, प्राण्यांचे अवशेष न कुजता थंडीने राखून ठेवले आहेत. त्यातला कर्ब सुमारे दीड लाख कोटी टन भरतो. आज हवेत जेवढा कर्ब आहे, त्याच्या दीडपटीहून तो अधिक आहे. जमीन वितळली की कुजणे सुरू होते. ओलसर, दलदलीच्या जागी मिथेन निघतो, कोरड्या जागी कर्बवायू.

दुसरा साठा समुद्राच्या तळाखाली आहे. त्यासाठी ध्रुवावर जायला नको. गेवराई तालुक्याच्या कडेने वाहणारी आपली गोदामाय काळी माती वाहून नेऊन बंगालच्या उपसागरात टाकते. तिच्या मुखापुढे, सुमारे एक हजार मीटर खोल पाण्याखाली, गाळातला मिथेन थंडीने आणि पाण्याच्या दाबाने बर्फासारखा गोठून बसला आहे. २००६ साली भारताच्या मोहिमेने तिथे छिद्रे घेऊन त्याचे नमुने वर काढले. असाच गोठलेला मिथेन ध्रुवाकडच्या समुद्राखालीही आहे.

मग हे सारे एकदम बाहेर येईल का? जगातल्या शास्त्रज्ञांच्या २०२१ च्या मोठ्या अहवालाने सांगितले आहे की, समुद्रतळाचा साठा या शतकात फुटून तापमान एकाएकी वाढवील, असे होण्याची शक्यता फारच कमी आहे. ऊब इतक्या खोल पोचायला फार काळ लागतो, आणि सुटलेला बराचसा वायू पाण्यातले जिवाणूच खाऊन टाकतात. गोठलेल्या जमिनीचे मात्र तसे नाही. ध्रुवाकडचा भाग १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या तिपटीहून अधिक वेगाने तापतो आहे, आणि तिथून वायू निघू लागला आहे.

म्हणून नातवाला मी सांगितले, "बाळा, हा धरण फुटण्याचा प्रकार नाही, कालव्याच्या पाझराचा आहे." जायकवाडीच्या कालव्याखालच्या शेतकऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. पाझर डोळ्यांना दिसत नाही, पण खालचे रान चिबड करून सोडतो. आणि ध्रुवावरचा पाझर एकदा सुरू झाला की तो बंद करायला पाटकरी नाही.

मिथेन फार जहाल. वीस वर्षांचा हिशेब धरला तर वजनास वजन तो कर्बवायूच्या ऐंशी पटींहून अधिक उष्णता धरतो. अडीचशे वर्षांपूर्वीच्या मानाने आज हवेत तो अडीचपटींहून अधिक आहे. यातली बरीचशी वाढ ध्रुवाने केलेली नाही. गुरे, भातखाचरे, कोळशाच्या खाणी, तेल-गॅसच्या विहिरी आणि शहरांचे उकिरडे यांतून ती झाली. पण एक बरे आहे. हा वायू हवेत साधारण बारा वर्षेच टिकतो. आज तोटी बंद केली तर फळ आपल्याच हयातीत दिसते. माणसाच्या हातातला मिथेन आवरला, तर ध्रुवाकडची जमीनही सावकाश वितळेल.

मग आम्ही तिघे उठून गोबरगॅसकडे गेलो. घरातली सून रोज सकाळी शेण कालवून टाकीत घालत होती आणि स्वयंपाक मात्र विकतच्या सिलिंडरवर करीत होती. खत चांगले मिळते म्हणून शेण घालणे सोडले नव्हते. पिंपावर साबणाचे पाणी फिरवले, तर तीन ठिकाणी फेसाचे बुडबुडे! नातू बघतच राहिला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. उन्हात वाळलेले शेण फारसा मिथेन करीत नाही. टाकीत तो आपण मुद्दाम तयार करतो. तो चुलीत जळला तर त्याचा सौम्य कर्बवायू होतो आणि भाकरी भाजून निघते. गळाला तर जहाल मिथेन हवेत जातो आणि सिलिंडरचे पैसेही जातात. म्हणून गळका गोबरगॅस बंद गोबरगॅसपेक्षा वाईट.

एवढे करा:

१. पिंप, नळी, तोटी आणि सांधे यांवर महिन्यातून एकदा साबणाचे पाणी लावून पाहा. काडी पेटवून गळती कधीही शोधू नका.

२. शेण आणि पाणी समभाग कालवा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे लागतात. फिनेल, साबणाचे पाणी टाकीत जाऊ देऊ नका, जिवाणू मरतात.

३. लोखंडी पिंपाला दरवर्षी रंग द्या. वेल्डिंग करायचे तर पिंप टाकीवरून काढून, दूर नेऊन, गॅस पूर्ण निघून गेल्यावरच करा.

४. साफसफाईसाठी टाकीत कुणीही उतरू नका. आतल्या वायूने माणूस क्षणात गुदमरतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही जातो. काम जाणकाराकडूनच करून घ्या.

५. गोबरगॅस नसेल तर खताचा खड्डा पाण्याने तुंबू देऊ नका. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत हवा खेळती ठेवते. खत चांगले होते आणि मिथेन कमी होतो.

एका पिंपाचे भोक बुजवल्याने सैबेरियाचे बर्फ थांबणार नाही, हे मी त्या नातवाला स्पष्टच सांगितले. तो म्हणाला, "पण साहेब, आईचं सिलिंडर तर वाचंल." आजोबा हसले आणि वेल्डरला फोन लावायला त्यालाच सांगितले.

आपल्या पिंपावर साबणाचे पाणी या आठवड्यात जरूर फिरवा.