चैत्रांतील आवार आणि हिरवळीचा मोह

फाल्गुन सरला, रब्बीचें खळें उरकलें आणि गुढी उभारून शेतकऱ्याच्या हातीं थोडी उसंत आली, म्हणजे नांगरट, ढेकळें फोडणें, बांधबंदिस्ती या कामांची चर्चा सर्वत्र सुरू होते. ती व्हावी हें योग्यच आहे. परंतु उंबऱ्यापासून कुंपणापर्यंत जी जमीन पसरलेली असते, जिच्यावरून घरांतील माणसें दिवसांतून शंभर वेळां ये-जा करितात, तिच्याविषयीं कोणी अवाक्षरही काढीत नाहीं. घराचें आवार म्हणजे झाडलोटीची जागा, एवढाच बहुतेकांचा समज आहे. आमचें मत याहून निराळें आहे. आवार हीही शेतीच होय. तिचा हंगाम चैत्रांत सुरू होतो. आणि सांप्रत तिच्यावर जें संकट आलें आहे तें निसर्गाकडून आलेलें नसून आमच्याच हौसेनें ओढवून घेतलेलें आहे.

प्रथम दप्तराची गोष्ट सांगतों, कारण आमचें आयुष्य महसुलाच्या कारकुनींत गेलें. शेताला गट नंबर असतो, सात-बारा असतो, आकार असतो. बहुतेक लहान गांवांत गांवठाणांतील घराला व त्याच्या अंगणा-परसाला यांपैकीं कांहींच नसे. ग्रामपंचायतीच्या कर-आकारणीच्या नमुना ८ मध्यें चार रकाने भरले, कीं काम संपलें. पुणें जिल्ह्यांत पुरंदर तालुक्यांतील सोनोरी येथें ड्रोनच्या साह्यानें गांवठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजीं देशभराकरितां स्वामित्व योजना सुरू झाली. तेव्हांपासून अनेक गांवांत घरमालकाच्या हातीं मालमत्ता पत्रक आलें. आवाराची लांबी-रुंदी कागदावर चढली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु जागेची मोजणी झाली म्हणजे तिची किंमत कळली, असें नव्हे. पत्रक हातीं पडतें न पडतें तोंच त्या जागेवर फरशी-ठोकळे बसविण्याचा किंवा हिरवळ लावण्याचा बेत पुष्कळ घरीं सुरू होतो, असें आमच्या पाहण्यांत आहे.

हिरवळीचा, म्हणजे हल्लीं ज्याला लॉन म्हणतात त्याचा, मोह कोठून आला हें शोधण्यास दूर जावयास नको. हमरस्त्याच्या कडेला लग्नाचीं लॉन्स झालीं. तेथील गालिच्यासारखें गवत पाहून आपल्या नव्या घरापुढेंही तसेंच असावें, असें वाटूं लागलें. ही चाल इंग्लंडसारख्या देशाची. तेथें बारा महिने थोडाथोडा पाऊस पडतो व ऊन सौम्य असतें, म्हणून फारसें पाणी न देतांही गवत हिरवें राहतें. वसंत हा तेथें गवत वाढण्याचा काळ. आमच्याकडे तोच काळ विहिरीचा तळ दिसण्याचा. तिकडचा वसंत आपल्या अंगणांत आणावयाचा, तर त्याची किंमत पाण्यानें भरावी लागते. ती किती, तें मांडून पाहूं.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारें १०१ चौरस मीटर. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी द्यावयाचें तर एक लिटर लागतें. देशावरील एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हांत गवत हिरवें ठेवण्यास रोज पांच मिलिमीटर पाणी, हा हात राखून धरलेला अंदाज आहे. म्हणजे एका गुंठ्यास दररोज सुमारें ५०० लिटर, आणि महिन्यास १५,००० लिटर. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्यें खेड्यांतील माणसी दररोज ५५ लिटर पाण्याचें प्रमाण धरलें आहे. त्या हिशेबानें एक गुंठा हिरवळ नऊ माणसांचें पाणी पिते. माण, जत, आष्टी यांसारख्या तालुक्यांत दुष्काळाच्या वर्षीं ज्या महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते, त्याच महिन्यांत हीं नऊ तोंडें दारांत आणून बसवावयाचीं! आणि बदल्यांत मिळतें काय? पंधरवड्यास टोपलीभर कातरलेलें गवत. ज्यास हिरवें पाहण्याची हौसच आहे, त्यानें आपली हरळी राखावी. शेतांत ती वैरीण खरी. परंतु गांवठाणाच्या अंगणांत ती चैत्रांत वाळते, मृगांत पुन्हां फुटते, आणि मध्यें कोणाजवळ घोटभर पाणी मागत नाहीं.

दुसरी हौस फरशी-ठोकळ्यांची, ज्यांस लोक पेव्हर ब्लॉक म्हणतात. येथें विरुद्ध पक्षाचें म्हणणें आम्ही आधीं मांडतों, कारण तें खोटें नाहीं. पावसाळ्यांत अंगणांत चिखल होतो. म्हातारीं माणसें घसरून पडतात. धान्य वाळत घालावयास स्वच्छ जागा लागते. सारवावयास पूर्वीप्रमाणें गोठाभर गुरांचें शेण नाहीं. हें सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु औषध रोगाएवढेंच असावें. दारापासून फाटकापर्यंत तीन फूट रुंदीची दगडी वाट करावी. धान्य वाळविण्यापुरता एक ओटा बांधावा. घरापुढच्या वावरण्याच्या जागेस बाहेरच्या बाजूस उतार देऊन मुरूम टाकावा. बाकीची, विशेषतः परसाची, माती उघडी राहूं द्यावी. चिखल पायांना लागतो तो वाटेवर. त्याकरितां संबंध आवार झांकण्याचें कारण नाहीं.

तीन गुंठ्यांच्या आवारावर ६०० मिलिमीटर पाऊस झाला, तर १,८०,००० लिटरांहून अधिक पाणी पडतें. तें सगळेंच मुरतें असें नव्हे. कांहीं वाहून जातें, कांहींची वाफ होते. परंतु उघड्या मातीला तें मुरविण्याची संधी तरी असते. सिमेंटाच्या थरावर घट्ट बसविलेली फरशी ती संधी काढून घेते आणि पाणी शेजाऱ्याच्या दारांत लोटते. त्यावरून जीं भांडणें होतात, त्यांचे अर्ज शेवटीं कचेरींत येतात. असले अर्ज आम्हीं पुष्कळ वाचले आहेत. त्यांत भावाभावांचेही होते. मुरलेल्या पाण्यावरून मात्र तंटा झाल्याचें आमच्या स्मरणांत नाहीं.

तिसरी गोष्ट नव्या हौसेची नव्हे, जुन्या खोडीची आहे. माघ-फाल्गुनांत लिंब-पिंपळाचीं पानें गळतात, आणि चैत्रांत तीं झाडून, ढीग करून, काडी लावली जाते. आवार स्वच्छ झालें, असें आम्हांस वाटतें. परंतु पान जळतें तेव्हां त्यांतील सेंद्रिय कर्ब आणि नत्र धुराबरोबर निघून जातात. खालीं उरते ती राख, म्हणजे थोडें पालाश आणि चुना. जो शेतकरी आषाढांत युरियाच्या गोणीकरितां दुकानापुढें उभा राहतो, त्यानेंच चैत्रांत आपल्या दाराशीं नत्र पेटवून द्यावें, याला काय म्हणावें? घरांतील दमेकऱ्यांस आणि लहान मुलांस त्या धुराचा जो त्रास होतो तो निराळाच. शिवाय राष्ट्रीय हरित लवादानें डिसेंबर २०१६ मध्यें उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली असून, साध्या प्रकारांत ५,००० रुपये व मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरविला आहे. दंडाच्या भीतीनें चांगलें काम व्हावें हें आम्हांस रुचत नाहीं. तथापि हा नियम वाचकांस ठाऊक असावा.

पाल्यापाचोळ्याचें खत करण्याची विद्या परकी नाहीं. इंदूर येथें अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं शेतांतील काडीकचरा, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ढीग तीन वेळां वरखालीं करून, सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसविली. १९३१ सालीं ग्रंथरूपानें ती दोघांच्या नांवानें प्रसिद्ध झाली. पुढें यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनीं शेण थोडें आणि कचरा फार, अशा घरांकरितां जी रीत काढली, ती त्यांच्याच नांवाच्या आद्याक्षरांवरून नाडेप म्हणून ओळखली जाते. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असें जाळीदार विटांचें टांकें बांधावयाचें. त्यांत पाला, शेणकाला व चाळलेली माती यांचे थर देऊन वरून लिंपावयाचें. मधून मधून पाणी शिंपडावयाचें. टांकें एकदां भरावयास शंभर किलोंच्या आसपास शेण पुरतें, आणि तीन-चार महिन्यांत खत तयार होतें. एका गाईच्या घरींही हें साधण्यासारखें आहे. चैत्रांत भरलेलें टांकें आषाढ-श्रावणांत रितें होतें, म्हणजे भाजीपाल्याला हवें त्याच वेळीं.

आतां चैत्र-वैशाखांत आवारांत करावयाचीं इतर कामें थोडक्यांत सांगतों. शेंगा उतरल्यावर शेवगा जमिनीपासून तीन-चार फुटांवर छाटावा. न छाटल्यास तो उंच जातो आणि वळिवाच्या वाऱ्यानें फांद्या मोडतात. लिंबाच्या, म्हणजे कागदी लिंबाच्या, बुंध्यास पावसापूर्वीं बोर्डो मलम लावावें: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो व पाणी १० लिटर. दोन्ही निरनिराळीं भिजवून मग एकत्र करावीं. भांडें लोखंडाचें नसावें. आंब्याकरितां तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डा आतांच घेऊन उन्हांत तापूं द्यावा आणि रोहिणींत माती व खत घालून भरावा. अक्षय्य तृतीयेस परसांत आळीं करण्याची आपली चाल आहे. तीं केलीं कीं दोडका, कारलें, भोपळा यांस मृगांत जागा शोधावी लागत नाहीं.

मोरीचें पाणी गल्लींत सोडूं नये. मुरमाड जमीन असेल तेथें खालीं मोठे व वर लहान दगड भरून शोषखड्डा करावा. तो विहिरीपासून व घराच्या पायापासून दूर असावा. काळ्या चिकण जमिनींत मात्र पाणी लवकर जिरत नाहीं. तेथें तें केळीस व कर्दळीस द्यावें. गाजर गवत पहिल्या पावसाबरोबर उगवतें. हातमोजे घालून तें फुलण्यापूर्वीं उपटावें, आणि फुलावर आलेलें खताच्या टांक्यांत टाकूं नये.

सर्वांत महत्त्वाचें काम सरपणाचें व अडगळीचें. घराच्या भिंतीस लागून काटक्या, कौलें आणि विटा रचून ठेवण्याची जी संवय आहे, ती पावसाळ्यांत जिवावर बेतते. अशा ढिगाच्या आश्रयास उंदीर येतो, आणि उंदरामागें नाग, घोणस, मण्यार येतात. सरपण घरापासून दूर, हातभर उंच मांडणीवर ठेवावें. अडगळ चैत्रांतच उपसावी. पाऊस सुरू झाल्यावर त्यांत हात घालणें धोक्याचें आहे. दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जातां तडक रुग्णालय गांठावें.

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट लिहिल्यावांचून राहवत नाहीं. फरशी घालण्याचा निर्णय बहुधा पुरुष घेतो, आणि अंगण झाडते ती स्त्री. म्हणून कित्येक घरीं फरशी आली तेव्हां स्त्रियांस हायसें वाटलें, त्यांत त्यांचा कांहीं दोष नाहीं. झाडणें, सारवणें, पाला उचलणें हें सर्व त्यांच्या पाठीवर ठेवून पुरुषांनीं उघड्या मातीचे गोडवे गावे, हा न्याय नव्हे. उतार काढणें, टांकें बांधणें व भरणें, खड्डे खणणें, छाटणी, अडगळ उपसणें हीं कामें पुरुषांचीं मानलीं गेलीं पाहिजेत आणि वर्षानुवर्षें त्यांनीं तीं केलीं पाहिजेत. ज्या घरीं हें व्हावयाचें नाहीं, तेथें आमच्या उपदेशापेक्षां फरशीच बरी, असें त्या घरची गृहिणी म्हणेल, आणि आम्हांस तिला उत्तर देतां येणार नाहीं.

आमची वाचकांस एवढीच विनंति आहे कीं, अक्षय्य तृतीयेपूर्वीं एके सकाळीं टेप घेऊन आवार मोजावें. पाणी किती पडतें, कोठून येतें व कोठें जातें, पाला किती निघतो, हें कागदावर मांडावें. शेताचा हिशेब जो ठेवितो त्यास हें कठीण नाहीं. मग मृगाचा पहिला पाऊस पडेल तेव्हां दारांत उभें राहून पाहावें. कुंपणाबाहेर वाहून गेलें तें पाणी आपलें राहिलें नाहीं. जें आंत मुरलें, तेवढेंच आपल्या खात्यावर जमा.