रांगेची चव

१२ जुलै २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील अँकर या बिअरच्या जुन्या कारखान्याने आपला व्यवहार बंद करीत असल्याची घोषणा केली. १८९६ साली सुरू झालेला हा कारखाना २०१७ मध्ये जपानच्या सापोरो कंपनीने विकत घेतला होता. विक्री घसरत चालल्याचे कारण देऊन व्यवस्थापनाने कामगारांच्या हातावर साठ दिवसांची नोटीस ठेवली. त्यानंतर शहरात जे दृश्य दिसले ते मात्र विचार करावयास लावणारे होते. जी बाटली दुकानाच्या फळीवर नित्य उभी असे, आणि कदाचित म्हणूनच जिच्याकडे हात वळेनासे झाले होते, तिच्यासाठी आता रांगा लागल्या. अखेरच्या बाटल्या साठविण्यासाठी धावाधाव झाली. बाटलीतील बिअर कालचीच होती. उद्या ती मिळणार नव्हती, एवढाच काय तो बदल झाला होता.

‘पिकते तेथे विकत नाही’ असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. या म्हणीला प्रयोगाचा आधारही सापडतो. १९७५ साली स्टीफन वर्चेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह एक साधा प्रयोग केला. काहींच्या पुढे दहा बिस्किटांची बरणी ठेवली, काहींच्या पुढे दोन बिस्किटांची. दोन बिस्किटांच्या बरणीतील बिस्किट लोकांना अधिक हवेसे व अधिक मोलाचे वाटले. ज्यांच्या पुढे आधी दहा होती व मग ती काढून दोनच उरविली, त्यांना ते त्याहूनही अधिक हवेसे वाटले. आणि इतरांनी मागणी केल्यामुळे ती कमी झाली असे सांगितल्यावर तर विचारावयासच नको. परंतु या प्रयोगातील सर्वांत बोलकी गोष्ट निराळीच आहे. बिस्किट अधिक चवदार लागते, असे मात्र कोणी म्हटले नाही. हाव वाढली, किंमत वाढली, चव जिथल्या तिथे राहिली. अँकरच्या दारातील रांग ही दहाची दोन झालेली बरणीच होती.

बिअरसारखा विषय या पानावर कशाला, असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. ज्या चळवळीत मद्यबंदीचा आग्रह धरणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, तेथे हा आक्षेप तुच्छतेने झटकून टाकण्याजोगाही नाही. तथापि येथे प्रश्न पिण्याचा नाही. वस्तूला मोल कशामुळे येते, हा आहे. आणि १९४९ च्या कायद्यानंतरचा मुंबईतील दारूबंदीचा काळ ज्यांना आठवत असेल, किंवा ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकला असेल, त्यांना चोरट्या मार्गाने आलेल्या विलायती बाटलीला, केवळ ती मिळत नाही म्हणून, केवढी प्रतिष्ठा लाभली होती हे सांगावयास नको. पुण्यामुंबईत गेल्या पंधरा वर्षांत ‘क्राफ्ट बिअर’ बनविणाऱ्या लहान ब्रुअऱ्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्याबरोबर ‘आजच मिळेल, उद्या नाही’ ही भाषाही आली आहे.

या भाषेचा उगम पाहावयाचा तर कूर्सच्या कथेकडे वळावे लागते. कोलोरॅडो राज्यातील गोल्डन या गावी तयार होणारी ही बिअर १९७० नंतरच्या काही वर्षांत केवळ पश्चिमेकडील अकरा राज्यांत विकली जाई. तिचे पाश्चरीकरण होत नसे, म्हणून ती सतत थंड ठेवावी लागे आणि दूरवर पाठविणे अवघड जाई. म्हणजे तिच्या दुर्मिळतेला एक खरेखुरे तांत्रिक कारण होते. परंतु पूर्वेकडील शहरांत तिच्याभोवती जी आख्यायिका उभी राहिली ती तंत्राची नव्हती. पश्चिमेकडे जाणारे लोक परतताना तिची खोकी घेऊन येत. मे १९७७ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘स्मोकी अँड द बँडिट’ या चित्रपटाचे सारे कथानकच टेक्सासमधून जॉर्जियात अठ्ठावीस तासांत कूर्सची चारशे खोकी चोरून नेण्याच्या पैजेवर रचलेले आहे. अमेरिकेने तो चित्रपट डोक्यावर घेतला.

त्याच वसंत ऋतूत, एप्रिल १९७७ मध्ये, गोल्डन येथील कारखान्यातील सुमारे दीड हजार कामगार संपावर गेले होते. नोकरीस घेताना उमेदवारांना असत्यशोधक यंत्राला जोडून प्रश्न विचारण्याची पद्धत त्या कंपनीत होती. या अपमानाविरुद्ध, तसेच सेवाज्येष्ठतेच्या हक्कांसाठी हा लढा होता. मालक घराण्यातील जोसेफ कूर्स यांनी १९७३ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या कडव्या उजव्या विचारसंस्थेच्या उभारणीस भांडवल पुरविले होते, एवढे सांगितले म्हणजे घराण्याचा कल ध्यानी येईल. संप मोडला. डिसेंबर १९७८ मध्ये कारखान्यातून संघटनाच उखडली गेली. परंतु अमेरिकन कामगार महासंघाने पुकारलेला बहिष्कार १९८७ पर्यंत चालला. त्यापूर्वीच सॅन फ्रान्सिस्कोत हार्वे मिल्क यांनी ट्रकचालकांच्या संघटनेशी हातमिळवणी करून समलिंगी समाजाच्या बारमधून कूर्स हद्दपार करविली होती. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या संघटनाही या बहिष्कारात होत्या. म्हणजे एकाच वेळी देशाच्या एका टोकाला लोक ही बिअर मिळत नाही म्हणून तिच्यामागे धावत होते आणि दुसऱ्या टोकाला ती समोर असताना लोक तिला हात लावीत नव्हते. चित्रपटातील चारशे खोक्यांमागे कोणाचे हात होते, हा प्रश्न दुर्मिळतेच्या झगमगाटात कोणाला सुचला नाही. पुढे कंपनीने पूर्वेकडे पाय पसरले, १९९१ पर्यंत कूर्स सर्व राज्यांत मिळू लागली, आणि आख्यायिका विरून गेली. आज ती बिअर कोणी तस्करीने नेईल ही कल्पनाही हास्यास्पद वाटते.

सर्व दुर्मिळता एकाच जातीची असते असे मात्र नाही. बेल्जियममधील वेस्टव्लेटरेन येथील सेंट सिक्स्टस मठाचे उदाहरण या दृष्टीने फार उद्बोधक आहे. ट्रॅपिस्ट पंथाचे हे मठवासी एकोणिसाव्या शतकापासून बिअर करतात. चरितार्थापुरती, अधिक नाही. २००५ मध्ये रसिकांच्या मतदानात त्यांची ‘१२’ ही बिअर जगातील सर्वश्रेष्ठ ठरली आणि मठाकडे जाणारे रस्ते मोटारींनी तुंबले. भांडवली हिशेबाने पाहता हा क्षण कारखाना दुप्पट करण्याचा, निदान भाव चौपट करण्याचा. मठवासीयांनी दोन्ही केले नाही. दूरध्वनीवर नोंदणी, मोटारीचा क्रमांक आगाऊ कळविणे, ठरावीक पेट्यांची मर्यादा, आणि पुन्हा विक्री न करण्याची अट, असे त्यांचे नियम होते. बाटलीवर साधे लेबलही नसे; हवी ती माहिती बुचावर. २०१८ मध्ये एका डच दुकानमालिकेने ही बिअर अनेकपट भावाने विकावयास काढली तेव्हा मठाने जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि २०१९ मध्ये दलालांना आळा घालण्यासाठी नोंदणीची पद्धतच बदलली. येथे दुर्मिळता आहे, पण ती नफ्यासाठी नाही. श्रम कोठे थांबवावेत हे श्रम करणाऱ्यांनीच ठरविल्याचा तो परिणाम आहे. ज्या व्यवस्थेत कामाला शेवट असा नसतोच, तेथे हे लहानसे उदाहरण नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

आता याच कथेची दुसरी बाजू. १९४६ ते १९९२ या काळात वेस्टव्लेटरेनच्या नावाची बिअर, मठाच्या परवान्याने, जवळच्या वाटू गावातील सेंट बर्नार्डस या ब्रुअरीत तयार होत असे. परवाना संपल्यावर त्या ब्रुअरीने त्याच परंपरेतील बिअर स्वतःच्या नावाने चालू ठेवली. तिची ‘अब्ट १२’ अनेक देशांतील दुकानांत सहज मिळते. जाणकार तिची वाखाणणी करतात, नाही असे नाही. परंतु तिच्यासाठी कोणी मोटारीचा क्रमांक कळवून ताटकळत नाही, तिची रिकामी बाटली कोणी दिवाणखान्यात मांडून ठेवीत नाही. एकाच कुळातील दोन बहिणी, एक मिळते म्हणून दुय्यम ठरली. सुमारे शेचाळीस वर्षे जे हात ‘खरी’ वेस्टव्लेटरेन बनवीत होते, त्यांच्यातील कसब १९९२ च्या एका कागदाने उणावले असे कोण म्हणेल?

क्राफ्ट बिअरच्या बाजूनेही काही सांगावयास हवे. हॉप्सचा ताजा गंध काही आठवड्यांतच मंदावतो, त्यामुळे अशी बिअर दूर पाठवून महिनोन् महिने ठेवण्यात अर्थ नसतो. कॅलिफोर्नियातील रशियन रिव्हर ब्रुअरीची ‘प्लिनी द यंगर’ वर्षातून एकदाच, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मिळते. तिला हॉप्स अतोनात लागतात आणि टाकीही अधिक काळ अडकून पडते. लहान कारखान्याला ती बारमाही करणे परवडणारे नाही. येथपर्यंत ठीक. परंतु गूस आयलंड ही शिकागोतील लहान ब्रुअरी २०११ मध्ये जगातील सर्वांत मोठ्या बिअर मक्तेदाराने ३ कोटी ८८ लक्ष डॉलर्सना गिळंकृत केली. त्यानंतरही तिची बर्बनच्या पिंपात मुरविलेली स्टाउट दरवर्षी नोव्हेंबरात एका ठरलेल्या दिवशी बाहेर पडते आणि लोक पहाटेपासून थंडीत उभे राहतात. सागराएवढी साधने असलेल्या कंपनीच्या दारात ओंजळभर मालासाठी रांग! रॉकेलच्या व साखरेच्या रांगांत ज्यांनी १९७२-७३ ची वर्षे काढली त्यांना कृत्रिम टंचाई हा शब्द समजावून द्यावा लागत नाही. फरक इतकाच की त्या रांगेत संताप होता व त्यातून लाटणे मोर्चे निघाले. या रांगेत उभे राहणारा स्वतःला भाग्यवान समजतो.

खेदाची गोष्ट ही की चांगल्या बिअरच्या चळवळीचा आरंभ नेमका उलट हेतूने झाला होता. १९७१ साली ब्रिटनमध्ये ‘कॅम्रा’ ही ग्राहकांची संघटना निघाली. मोठ्या सहा कंपन्यांनी गावोगावची मद्यगृहे ताब्यात घेऊन, गाळलेली, पाश्चरीकरण केलेली, वायूच्या दाबाने फसफसणारी एकसुरी बिअर लोकांच्या माथी मारण्यास आरंभ केला होता. पिंपात जिवंत राहणारी जुनी एल कोपऱ्यावरच्या साध्या पबमध्ये, साध्या माणसाला, रोज मिळावी, हा त्या संघटनेचा आग्रह होता. १९७४ पासून ती काढीत असलेली मार्गदर्शिका चांगली बिअर कोठे मिळते हे सांगते. अमेरिकेत १९८० साली चिको येथे सुरू झालेल्या सिएरा नेव्हाडाने आपल्या पेल एलच्या द्वारे तेच केले. १९७० च्या दशकाअखेर ज्या देशात बिअरचे शंभरसुद्धा कारखाने उरले नव्हते, तेथे २०२३ पर्यंत नऊ हजारांहून अधिक झाले. या साऱ्यांना वाट दाखविणारी ती पेल एल आज किराणा दुकानात मिळते, आणि नेमके म्हणूनच नव्या रसिकाला तिचे नाव घ्यावेसे वाटत नाही. वर्षातून एकदा पंचवीस पिंपे अद्भुत साधणे कठीण आहे खरे. पण चाळीस वर्षे दररोज, प्रत्येक खेपेचे पीक निराळे असताना, तीच चव राखणे हे त्याहून कठीण काम आहे. ते पाळीत काम करणारे लोक करतात, आणि त्यासाठी पहाटे कोणी रांग लावीत नाही.

अँकरकडे परत यावयाचे तर, १९६५ साली बुडीत निघालेला तो कारखाना फ्रिट्झ मेटॅग यांनी वाचविला आणि तेथूनच अमेरिकेतील लहान ब्रुअऱ्यांच्या पुनरुज्जीवनाची सुरुवात मानली जाते. २०१९ च्या मार्चमध्ये तेथील कामगारांनी मतदान करून गोदी व वखार कामगारांच्या संघटनेत प्रवेश केला. त्या महागड्या शहरात मिळणाऱ्या पगारावर त्यांना राहणे अशक्य झाले होते. त्याच वर्षाअखेर त्यांनी पहिला करार मिळविला. २०२३ च्या जुलैमध्ये शेवटच्या बाटल्यांसाठी रांगा लागल्या असताना हेच कामगार कारखाना सहकारी तत्त्वावर स्वतः चालविण्यासाठी पैसा उभा करण्याच्या खटपटीत होते. बिअर त्यांना येत होती, यंत्रे त्यांच्या हाताखालची होती, भांडवल तेवढे नव्हते. त्यांचा प्रयत्न फळास आला नाही. मे २०२४ अखेर दह्याच्या व्यवसायात गडगंज झालेल्या हमदी उलुकाया या उद्योजकाने कारखाना विकत घेतला.