शेजारधर्म आणि मौन

उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची एकमताने निवड झाली, तेव्हा काही मंडळींनी एक विलक्षण आक्षेप घेतला. तो त्यांच्या साहित्यावर नव्हता. त्यांच्या धर्मगुरुपदावर होता. ख्रिस्ती धर्मोपदेशक मराठी सारस्वताच्या व्यासपीठावर कसा, असे विचारले गेले. धमकीचे दूरध्वनी आले. संमेलनाचे उद्घाटक कवी ना. धों. महानोर यांनीही तेथे जाऊ नये, असा दबाव आणण्याचा प्रयत्न झाला. दोघेही गेले. प्रकृती साथ देत नसताना फादरांनी अध्यक्षीय भाषण केले आणि माणसे भरडली जात असताना साहित्यिकाने मूक राहू नये, हेच त्यात आग्रहाने सांगितले.

हे त्यांचे पहिलेच बोलणे नव्हते. वसई तालुका ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील बागायती, विहिरी आणि गावठाणे बांधकाम व्यवसायाच्या घशात जाऊ लागली, तेव्हा ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या रूपाने जे आंदोलन उभे राहिले, त्याच्या अग्रभागी हे धर्मगुरू होते. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक म्हणूनही त्यांनी लेखणी चालविली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या लढ्याचा विषय चर्चची मालमत्ता हा नव्हता. विहिरीचे पाणी आटले तर ते हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आणि आदिवासी अशा सर्वांसाठीच आटते. आपल्या श्रद्धेतून बोलायचे, परंतु केवळ आपल्यांसाठी बोलायचे नाही, ही त्यांची रीत होती. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले, तेव्हा महाराष्ट्राने त्यांना मनापासून आदरांजली वाहिली.

परंतु आदरांजली वाहणे सोपे असते. खरा प्रश्न व्यासपीठ नसलेल्यांचा आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत राहणारा सामान्य ख्रिस्ती माणूस शाळेत शिकवितो, बँकेत खातेवह्या तपासतो, रुग्णालयात रात्रपाळी करतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती समाज सुमारे १०.८० लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी होता. इतक्या अल्पसंख्य माणसाला ‘आपण बरे आणि आपले काम बरे’ हेच धोरण शहाणपणाचे वाटले तर त्यास भ्याड म्हणण्याचा अधिकार कोणास नाही. तथापि या शहाणपणाची किंमत काय आणि ती कोण चुकविते, याचा हिशेब मांडणे अवश्य आहे.

दोन प्रकारचे मौन

दैनंदिन जीवनातील हे मौन दोन प्रकारचे असते. पहिले स्वतःविषयीचे. सकाळच्या लोकलच्या डब्यात ‘हे लोक पैसे देऊन बाटवतात’ अशी चर्चा रंगते. बाकावरचा ख्रिस्ती कारकून खिडकीबाहेर पाहत राहतो. ‘तुम्ही इतके शुद्ध मराठी कसे बोलता?’ असे एखादा सहकारी कौतुकाने विचारतो आणि शिक्षिका नुसती हसते. वस्तुतः उत्तर देण्यासारखे पुष्कळ आहे. १३२१ साली फ्रान्सिस्कन भिक्षू ठाण्यास आले, तेव्हा ते उतरले तेच मुळी येथील एका ख्रिस्ती कुटुंबात. ज्या भाषेत रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांनी लिहिले, ती भाषा येथल्या ख्रिस्ती माणसाने कोणाकडून उसनी घेतलेली नाही. हे शांतपणे, न चिडता सांगितले तर ऐकणाऱ्याचे अज्ञान दूर होते. अज्ञान दूर करणे हा प्रचार नव्हे.

दुसरे मौन अधिक गंभीर आहे. ते दुसऱ्याविषयीचे असते. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत एखाद्या सभासदाने मुसलमान कुटुंबास सदनिका भाड्याने देऊ नये, असा सूर निघतो. ठराव लिहिला जात नाही, कारण असा ठराव लिहिता येत नाही. पण माना डोलतात आणि निर्णय होतो. त्या सभेत ख्रिस्ती सभासदही बसलेला असतो. हा चेंडू उद्या आपल्याही अंगणात पडेल, हे त्यास कळते आणि नेमक्या त्याच भीतीने तो गप्प राहतो. अशा वेळी हरकत घेण्याचे सारे मोल एकट्या बोलणाऱ्याने द्यायचे असते आणि लाभ मात्र सर्वांस मिळायचा असतो. म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. अर्थशास्त्रात यास फुकट्या प्रवाशाचा प्रश्न म्हणतात. सर्वांनीच तिकीट चुकविले की गाडी बंद पडते; सर्वांनीच मौन पाळले की शेजार मोडतो. आणि मौनाची किंमत बहुधा तो भरतो, जो सभेस हजरच नसतो.

येशूच्या शिकवणीत शेजारी कोण, या प्रश्नास दिलेले उत्तर परिचित आहे. रस्त्यात जखमी पडलेल्यास मदत करणारा त्या कथेत स्वधर्मीय निघत नाही. तिरस्कृत जमातीचा शोमरोनी निघतो. मराठीत ‘शेजारधर्म’ हा सुंदर शब्द आहे. ख्रिस्ती माणसाने सभेत एवढेच विचारावे: भाडेकरूची कागदपत्रे पाहिलीत का? पूर्वीच्या घरमालकाचा अनुभव विचारलात का? तेवढे पाहून ठरवू, आडनावावरून नको. यात व्याख्यान नाही, आवेश नाही. परंतु मान डोलावण्याची साखळी तुटते.

आधी स्वतःच्या घरात

मात्र बाहेर बोलण्याचा अधिकार घरात बोलून मिळवावा लागतो. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना चर्चमध्येही जातिभेद पाळला जातो, याची कबुली दिली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींपासून वंचित आहेत. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्या मिळाल्या. या अन्यायाविरुद्ध सरकारकडे दाद मागावयाची आणि सोयरीक जुळविताना मात्र मूळ जात विचारावयाची, हा दुटप्पीपणा होय. कल्याण परिसरात मल्याळी, तमिळ, गोवेकर, मंगळुरी, ईस्ट इंडियन आणि नगरकडून आलेले मराठी ख्रिस्ती एकाच गावात राहून अनेकदा एकमेकांस परकेच राहतात, हेही मान्य केले पाहिजे.

समलिंगी व्यक्तींचा प्रश्न याहून नाजूक आहे. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा लागू केले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी, अशा व्यक्तींना चर्च गुन्हेगार मानीत नाही, असे जाहीरपणे सांगितले. ठाणे-कल्याणचे लॅटिन विधीचे धर्मग्राम त्यांच्याच धर्मप्रांतात येत. न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. विवाहाविषयीची चर्चची शिकवण वेगळी असेल; पण घरातल्या मुलास ‘तू आमचाच आहेस’ असे सांगण्यास कोणत्याही शिकवणीची आडकाठी नाही. ते ज्या घरी सांगितले जात नाही, तेथे प्रार्थनेच्या बाकावर शेजारी बसलेला मुलगा किती एकटा असतो, याची कल्पना करावी.

सर्वांना सामावून घेतले तर श्रद्धा पातळ होईल, अशी शंका काहीजण घेतात. तिचे उत्तर नारायण वामन टिळकांनी कृतीने दिले आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. टिळकांची ख्रिस्तनिष्ठा त्यामुळे कमी झाली, असे त्यांच्या टीकाकारांसही म्हणता येणार नाही.

बोलण्यात धोका आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. बढती अडते, शेजारी अबोला धरतात, प्रसंगी याहून वाईट घडते. म्हणूनच ही जबाबदारी एकट्या ख्रिस्ती माणसावर टाकून बहुसंख्याकांस मोकळे होता येणार नाही. ठाण्याने २०१० मध्ये आणि डोंबिवलीने २०१७ मध्ये साहित्य संमेलन भरविले. सुसंस्कृतपणाचा अभिमान या शहरांस आहे आणि तो अनाठायी नाही. डब्यात ती चर्चा निघते, तेव्हा खिडकीबाहेर पाहणाऱ्या सहप्रवाशाच्या वतीने समोरच्या बाकावरचा एखादा जोशी वा पाटील ‘पुरे आता’ म्हणाला, तर त्यास फारसे मोल द्यावे लागत नाही. महानोर ख्रिस्ती नव्हते. तरी ते उस्मानाबादला गेले.