जादा चाकाला जागा कोठे?

बंगळूरच्या जे. पी. नगरातून आमच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. मोटारीमागे जोडून नेता येईल अशी दोन चाकांची एक लहान प्रवासगाडी, म्हणजे कॅराव्हॅन, त्यांच्या कुटुंबाने बांधावयास दिली आहे. सासूबाईंचे गुडघे अधू झाले आहेत. वाटेवरची शौचालये त्यांना सोसत नाहीत, आणि कोल्हापूरच्या जोतिबाचे दर्शन एकदा घडावे ही त्यांची मनापासूनची इच्छा आहे. ह्या गाडीत आडवे होण्यास बाक, लहानशी शेगडी आणि शौचकूप अशी सोय असेल. सारे काही ठरले. परंतु जादा चाक, ज्याला आपण सर्वजण स्टेपनी म्हणतो, ते कोठे बसवावे ह्यावर घरात एकमत होईना. गाडी बांधणारा कारागीर म्हणतो मागे, यजमान म्हणतात खाली, आणि चिरंजीव म्हणतात पुढच्या दांड्यावर. भगिनी विचारतात, ‘तिघांपैकी कोणाचे ऐकावे?’

कॅराव्हॅन बाळगणारी कुटुंबे आपल्याकडे थोडी आहेत, हे खरे. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, तरी आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या अशा गाड्या बहुधा स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या असतात. मागे जोडून ओढल्या जाणाऱ्या क्वचितच. तथापि जादा चाकाच्या जागेचा प्रश्न मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक घराचा आहे, म्हणून त्याचा विचार येथे थोड्या विस्ताराने करीत आहोत.

‘स्टेपनी’ हा शब्द मुळात एका रस्त्याच्या नावावरून आला, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. मोटारींच्या आरंभीच्या काळात जादा चाक देण्याची पद्धत नव्हती. टायर पंक्चर झाले की रस्त्याच्या कडेला बसून ते उतरवावे, ठिगळ लावावे आणि पुन्हा चढवावे, एवढाच मार्ग होता. १९०४ साली वेल्समधील लॅनेली ह्या गावी टॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस ह्या बंधूंनी आऱ्यांवाचूनचे, हवा भरून तयार ठेवलेले एक कडे विकण्यास काढले. पंक्चर झालेल्या चाकाला ते बाहेरून पकडींनी आवळले की गाडी पुढे जाऊ शके. त्यांचा कारखाना त्या गावच्या स्टेपनी रस्त्यावर होता. इंग्लंडात तो शब्द आता कोणी फारसा वापरीत नाही. आपल्याकडे मात्र तो खेड्यातल्या पंक्चरवाल्याच्याही तोंडी आहे.

त्या दिवसापासून हे चाक गाडीच्या अंगावर जागा शोधीत फिरत आले आहे. जुन्या मोटारींत ते पायरीजवळ किंवा पाठीवर असे. फोक्सवॅगन बीटलमध्ये इंजिन मागे असल्यामुळे ते पुढच्या झाकणाखाली बसविले गेले. बजाज चेतक स्कूटरच्या मागे बसविलेले चाक अनेक कुटुंबांनी पाठीला टेकू म्हणून वापरले असेल. त्या स्कूटरची पुढची-मागची चाके एकाच मापाची असल्याने ते एक चाक दोहोंच्या उपयोगी पडे. आजच्या इनोव्हासारख्या मोठ्या गाडीत ते मागे तळाशी टांगलेले असते, तर बोलेरो आणि थार ह्यांच्या मागच्या दारावर. ह्यांपैकी प्रत्येक जागेला एक सोय आहे आणि एक गैरसोय आहे.

आता कॅराव्हॅनकडे वळू. दोन चाकांची आणि मधोमध आस असलेली गाडी कशी लादावी, हे आपल्या गाडीवानांना फार पूर्वीपासून अवगत आहे. बैलगाडीत मागे ओझे अधिक झाले म्हणजे गाडी ‘उलाळ’ होते. जू वर उचलले जाते आणि जोत्यांचा फास बैलांच्या गळ्याला बसतो. पुढे ओझे अधिक झाले तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. शहाणा गाडीवान म्हणून जड पोती आसावर ठेवतो आणि पुढची बाजू किंचित भारी राखतो. मोटारीमागच्या कॅराव्हॅनला हाच न्याय लागू पडतो; बैलांच्या मानेऐवजी येथे मोटारीच्या मागे बसविलेली जोडकडी असते, एवढाच फरक.

त्या कडीवर भार किती असावा, ह्याचे अंदाज ठरलेले आहेत. युरोपात गाडीच्या एकूण वजनाच्या शेकडा ५ ते ७ इतका भार ठेवतात. अमेरिकेत शेकडा १० ते १५. हा भार कमी पडला तर वेगात असताना कॅराव्हॅनचे शेपूट डावीकडे-उजवीकडे झुलू लागते, आणि ते झुलणे वाढत जाऊन मोटारीलाही आपल्याबरोबर ओढते. असे झाल्यास चालकाने घाबरून ब्रेक दाबू नये. वेगाचे पायदान सोडावे, चक्र सरळ धरावे आणि गाडीला आपोआप मंद होऊ द्यावे.

एक लहानसे गणित मांडून पाहू. समजा, सामानासह कॅराव्हॅनचे वजन ७०० किलो आहे, आसापासून जोडकडीपर्यंतचे अंतर ३ मीटर आहे आणि कडीवर ५० किलो भार येतो. हा भार शेकडा ७ हून थोडा अधिक, म्हणजे ठीक झाला. आता १५ किलोचे जादा चाक आसामागे २ मीटरवर, गाडीच्या पाठीवर लावले. १५ ला २ ने गुणून ३ ने भागले म्हणजे १० येतात; तेवढे किलो कडीवरून कमी झाले आणि ४० उरले. त्यातच ५० लिटर पाण्याची टाकी आसामागे दीड मीटरवर ठेवली, तर आणखी २५ किलो उणे होऊन अवघे १५ उरतील. कोणतीही एक वस्तू फार जड नव्हती, तरी गाडी मात्र धोक्याची झाली.

म्हणून कारागिराची सूचना आम्हांस मान्य करवत नाही. मागे लावलेले चाक काढण्यास सोपे, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु टोकाला लटकणारे वजन झुलण्यास साहाय्य करते, खड्ड्यांच्या हिसक्यांनी त्याचा आधार सैल होतो, आणि नंबरपाटी व दिवे झाकले जाण्याचा संभव असतो. अमेरिकेत अनेक कॅराव्हॅनांचा मागचा बंपर म्हणजे पातळ पत्र्याची चौकोनी पोकळ नळीच असते. तिच्यावर चाक लादल्याने जोड तडकल्याच्या तक्रारी तेथे नित्याच्या आहेत. बोलेरोच्या दारावर चाक शोभते, कारण ती गाडी चार चाकांवर उभी असते. एका कडीवर डोलत नाही.

चिरंजीवांची पुढच्या दांड्याची जागा डोळ्यांसमोर राहते, हा तिचा मोठा गुण. तेथे चाकातील हवा सहज तपासता येते. पण त्याच १५ किलोंनी कडीवरचा भार आता १० किलोंनी वाढेल. शेगडीचा सिलिंडरही बहुधा तेथेच असतो. मोटारीच्या कडीला किती भार सोसतो, हे आधी पाहिले पाहिजे. शिवाय तीव्र वळणावर मोटारीचा कोपरा चाकाला घासतो की काय, आणि मोटारीची डिकी पुरती उघडते की नाही, तेही.

यजमानांची तळाची जागा वजनाच्या दृष्टीने उत्तम, कारण आसाजवळ ठेवलेले वजन तोल फारसा बिघडवीत नाही. मात्र बंगळूरच्या गल्लीगल्लीतील उंच गतिरोधक आणि पावसाळ्यातील चिखल लक्षात घ्यावा. आणखी एक गोष्ट अशी, की पंक्चर झालेली गाडी त्या बाजूला खचते. नेमके गरजेच्या वेळी चाक बाहेर ओढण्यास पुरेशी फट उरत नाही. मग कोणीतरी गाडीखाली शिरतो, आणि तसे कोणीही, कधीही करू नये.

भगिनींना आमचे सांगणे असे, की गाडी अद्याप बांधावयाची आहे, ह्या संधीचा लाभ घ्यावा. आसाच्या किंचित पुढे, डाव्या बाजूच्या बाकाखाली चाकापुरती पेटी करवून घ्यावी आणि तिचे दार बाहेरून उघडेल असे ठेवावे. आसापुढे अर्ध्या मीटरवर ठेवलेले १५ किलोचे चाक कडीवर अवघा अडीच किलो भार वाढवील. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, म्हणून डाव्या दाराशी उभे राहणारा माणूस वाहत्या रहदारीपासून दूर राहील. पाण्याची टाकी उजवीकडे आसाजवळ घेतली की दोन्ही बाजूंचा तोलही साधेल. दाराला कुलूप असावे, कारण जे. पी. नगरातील तीस बाय चाळीस फुटांच्या भूखंडावर कॅराव्हॅनला अंगण मिळणे कठीण. ती बहुधा रस्त्यावरच उभी राहील. बाकाखालची एक जागा अंथरुणांना मिळणार नाही, हा ह्या सोयीचा दाम आहे. तो द्यावा, कारण चाक काढताना आत विसावलेल्या वृद्ध माणसाला उठवावे लागणार नाही आणि सामानही उतरवावे लागणार नाही.

चाकाचे माप मोटारीच्या चाकाशी आणि बोल्टांच्या मांडणीशी जुळणारे निवडता आले तर फारच बरे. दोन्ही जादा चाके परस्परांच्या उपयोगी पडतील. ट्रेलर हे मोटार वाहन कायद्याने स्वतंत्र वाहन आहे आणि त्याची नोंदणी करावी लागते. म्हणून आराखडा प्रादेशिक परिवहन कार्यालयात आधी दाखवावा.

पत्रात ओझरता आलेला एक उल्लेख मात्र आम्हांस चाकापेक्षाही महत्त्वाचा वाटला. गाडी चालू असता सासूबाई मागे कॅराव्हॅनमध्ये पडून राहतील, असे भगिनी लिहितात. तसे कदापि करू नये. ब्रिटनमध्ये ओढल्या जाणाऱ्या कॅराव्हॅनमध्ये माणसे बसविण्यास कायद्यानेच बंदी आहे. तेथे ना पट्टा, ना चालकाची नजर. टायर फुटून गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचविणारे काही नाही. सासूबाईंना मोटारीत, पट्टा लावून बसवावे. दर दोन तासांनी थांबावे, आणि मग मागच्या बाकावर त्यांनी खुशाल पाठ टेकावी. नाइस रस्त्याने तुमकूर मार्गाला लागून हुबळी-बेळगावमार्गे कोल्हापूर सुमारे सहाशे किलोमीटर आहे. वाटेत एक मुक्काम करावाच. जोतिबाच्या डोंगरावर कॅराव्हॅन नेण्याचे कारण नाही. ती कोल्हापुरात ठेवून मोटारीनेच वर जावे.

ज्यांच्याकडे केवळ मोटार आहे, त्यांनीही प्रवासाला निघण्यापूर्वी डिकी उघडून पाहावी. सुट्टीच्या बॅगा, फराळाचे डबे आणि गाद्या ह्यांच्या तळाशी स्टेपनी असते. सीएनजीच्या नळकांड्याने अनेक मोटारींत तिची जागा आणखी आखडली आहे. काही मोटारींतील जादा चाक अरुंद असते. त्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते आणि त्यात हवा बरीच अधिक, बहुधा ६० पौंड, भरावी लागते. काही नव्या मोटारींत तर ते नसतेच. २०२० च्या केंद्रीय नियमानुसार साडेतीन टनांपर्यंतच्या ज्या मोटारींत ट्यूबविरहित टायर, दाब दाखविणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच आहे, त्यांना जादा चाक सक्तीचे नाही. आपली मोटार ह्यांपैकी कोणती, हे घरी असतानाच समजलेले बरे.

न वापरलेले टायरही म्हातारे होते. त्याच्या कुशीवर चार आकडे असतात; पहिले दोन आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. महिन्यातून एकदा त्यातील हवा पाहावी.

गाडी तयार झाल्यावर एका रविवारी सकाळी, सर्व सामान भरून, घरासमोरच्या सपाट रस्त्यावर भगिनींनी चाक बदलून पाहण्याची तालीम घ्यावी. कॅराव्हॅन मोटारीला जोडलेलीच असू द्यावी, हातब्रेक लावावा, दुसऱ्या चाकाला अडण द्यावी, नट आधी किंचित सैल करावे आणि मगच जॅक चढवावा. मोटारीचा जॅक कॅराव्हॅनला लागतो की नाही, तेही त्याच दिवशी कळेल. जोडकडीखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली स्नानगृहातला वजनकाटा ठेवून कडीवरचा भारही मोजावा. सूनबाई व चिरंजीव ह्या दोघांनाही हे काम साधले, म्हणजे जागा योग्य निवडली असे समजावे; आणि मग चैत्रातली गर्दी टाळून सासूबाईंना दर्शनाला न्यावे.

पुढील अंकी, लांबच्या प्रवासातील पिण्याच्या पाण्याविषयी.