करवत कोणाच्या हाती?

टामियाची 'हॉर्नेट' ही रिमोटवरची शर्यती बग्गी १९८४ सालची, म्हणजे आम्हा पालकांच्याच वयाची! आमच्या मुलाकडेही १:१० मापाची एक बग्गी आहे. टॅलाच्या ओबडधोबड हिरवळीवर ती सारखी भरकटे. चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, लांब केला की पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर वाढते. गाडी सरळ, स्थिर धावते. मात्र वळायला जागा जास्त लागते. म्हणून आम्हीच रात्री जागून ८ मिलीमीटर जास्त लांबीची अॅल्युमिनियमची पट्टी कापून बसवली. गाडी छान धावली. पण "का धावली?" विचारताच चिरंजीव गप्प! पालकहो, करवत मुलांना द्या, आपण शेजारी बसा. एखादी पट्टी वाया गेली तरी चालेल.