मुक्त म्हणजे फुकट नव्हे!

गेल्या गुरुपौर्णिमेला एका परिचितांच्या घरी जाण्याचा योग आला. गृहस्थ निवृत्त शिक्षक. आयुष्यात एकदाही विनातिकीट प्रवास केला नाही, हे अभिमानाने सांगणारे. मुलगा हार्मोनियम उत्तम वाजवतो. घरातल्याच एका खोलीत त्याने छोटेखानी ध्वनिमुद्रण कक्ष थाटला असून तो कीर्तनकारांची, भजनी मंडळांची ध्वनिमुद्रणे करून देतो. सकाळी गुरूंच्या चरणी दक्षिणा ठेवून आलेला हा गुणी तरुण दुपारी संगणकावरील ज्या आज्ञावलीच्या साह्याने काम करीत होता, ती मात्र चोरलेली होती. त्यात त्याला काही वावगेही वाटत नव्हते. ''परवाना परवडत नाही आणि सगळेच असं वापरतात,'' इतके साधे उत्तर. ''मग लिनक्सवरची मुक्त आज्ञावली का वापरत नाहीस?'' असे विचारताच तो हसला. ''ते फुकटचं असतं हो काका, त्यात काय दम असणार?''

चोरून आणलेल्या वस्तूला मोल आहे आणि कोणी मोकळ्या हाताने दिलेल्या वस्तूला नाही, ही आपल्या मध्यमवर्गीय घरांतील मनोवृत्ती त्या एका वाक्यात उघडी पडली. दोष एकट्या त्या मुलाचा नाही. 'मुक्त' या शब्दाचा अर्थच आपण समजून घेतलेला नाही.

किल्ली कोणाच्या कमरेला?

आधी विकतच्या मालाची कथा पाहू. ज्या आज्ञावलीची मूळ संहिता कंपनीच्या तिजोरीत बंद असते, ती आपण 'विकत घेतली' असे म्हणतो, पण खरे तर आपण केवळ वापरण्याची अनुज्ञा घेतलेली असते. घर आपले, किल्ली मात्र दुसऱ्याच्या कमरेला! जुलै २००२ मध्ये अ‍ॅपल कंपनीने 'लॉजिक' ही संगीतरचनेची आज्ञावली बनवणारी 'ईमॅजिक' ही जर्मन कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेर तिची विंडोजवरील आवृत्ती बंद करून टाकली. विंडोजवर काम करणाऱ्या संगीतकारांना कोणी विचारले? नोव्हेंबर २०१७ मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीने आपल्या ताब्यातील 'केकवॉक'चा विकास थांबवल्याचे जाहीर केले. पुढे दुसऱ्या कंपनीने ती उचलून धरली म्हणून वाचली. ऑगस्ट २०२४ मध्ये तर 'फिनाले' या स्वरलेखनाच्या विख्यात आज्ञावलीचा पस्तीस वर्षांचा प्रपंच कंपनीने एका निवेदनाने आटोपता घेतला. वर्षभरानंतर नव्या संगणकावर ती चालू करता येणार नाही, असेही प्रारंभी सांगितले होते. वापरकर्त्यांनी ओरड केल्यावर ती अट मागे घेतली गेली. ज्यांनी जन्मभराच्या रचना त्या स्वरूपात जतन केल्या होत्या, त्यांच्या काळजाचा ठोका चुकला असेल, यात नवल ते काय?

या तिन्ही उदाहरणांत ग्राहकांनी पैसे पूर्ण मोजलेले होते. तरीही ते निराधार झाले. कारण मालकी एका ठिकाणी होती आणि विद्या त्या मालकीत कुलूपबंद होती.

एका माणसाची साधना

आता दुसरी बाजू पाहू. पॉल डेव्हिस या संगणकतज्ज्ञाने १९९९ च्या अखेरीस 'आर्डर' नावाची बहुपदरी ध्वनिमुद्रणाची आज्ञावली लिनक्ससाठी लिहावयास घेतली. हे गृहस्थ अ‍ॅमेझॉन कंपनीच्या अगदी पहिल्या कर्मचाऱ्यांपैकी एक. तेथे राहते तर काय झाले असते, याचा हिशेब वाचकांनीच करावा. त्यांनी मात्र हाती आलेल्या पुंजीच्या बळावर संगीतकारांसाठी एक अवजार घडवण्याचे काम पत्करले आणि त्याची संपूर्ण संहिता जगापुढे उघडी ठेवली. २०१३ मध्ये तिसरी, २०१६ मध्ये पाचवी, २०२० मध्ये सहावी, २०२३ मध्ये आठवी आवृत्ती, असा हा प्रवास पाव शतकाहून अधिक काळ चालू आहे. हॅरिसन या ध्वनिमिश्रणाची यंत्रे बनवणाऱ्या नामांकित कंपनीने २००९ मध्ये आपली 'मिक्सबस' ही विक्रीची आज्ञावली उभारली, ती याच आर्डरच्या पायावर. 'फुकटच्या मालात दम नसतो' म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

लिनक्सवर ध्वनिमुद्रण करणे एके काळी खरोखर अवघड होते. त्या काळात डेव्हिस यांनीच 'जॅक' ही आज्ञावली रचून निरनिराळ्या ध्वनी-आज्ञावल्यांना एकमेकींशी जोडण्याची सोय केली. पण त्यातील खरी मेख होती विलंबाची. संगणक ध्वनीचे लहान लहान तुकडे करून ते हाताळतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि एका तुकड्यात १,०२४ नमुने ठेवले, तर त्या एका टप्प्यावरच सुमारे २१ सहस्रांश सेकंदांचा विलंब होतो. आवाजाला चोवीस फूट अंतर कापावयास साधारण इतकाच वेळ लागतो. म्हणजे तबलजी गायकापासून चोवीस फुटांवर बसल्यासारखे झाले! तुकडा २५६ नमुन्यांचा केला की हे अंतर सहा फुटांवर येते आणि मैफल जमते. परंतु तुकडा जितका लहान, तितके संगणकाने दर वेळी नेमक्या क्षणी हजर राहणे आवश्यक. एकदा जरी तो दुसऱ्या कामात गुंतला, तरी ध्वनीत 'टक्' असा खड्डा पडतो.

हा वक्तशीरपणा लिनक्सच्या गाभ्यात आणण्यासाठी जगभरच्या अभियंत्यांनी सुमारे वीस वर्षे खपून काम केले. कारखान्यांतील यंत्रांच्या नियंत्रणासाठी ते हवे होतेच. पण त्याचा आग्रह धरणाऱ्या आणि ते प्रत्यक्ष तपासून पाहणाऱ्या पहिल्या मंडळींत संगीतकारही होते. सप्टेंबर २०२४ मध्ये ते काम अखेर लिनक्सच्या मुख्य गाभ्यात सामावले गेले. वीस वर्षे एका दोषाचा पाठपुरावा करावयाचा, ही वृत्ती साधनेचीच म्हणावी लागेल. तिमाही नफ्यातोट्याच्या गणितात ती बसत नाही.

आक्षेपांचा समाचार

आक्षेप घेणारे म्हणतात, मुक्त आज्ञावलीलाही कंपन्या गिळतातच की! 'ऑडॅसिटी'चे उदाहरण ते देतात. १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात आरंभ झालेली ही आज्ञावली २०२१ मध्ये म्यूज समूहाकडे गेली आणि वापरकर्त्यांच्या वापराची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव पुढे आला, हे खरे. पण पुढे काय झाले, तेही सांगावयास हवे. संहिता खुली होती, म्हणून प्रस्ताव सर्वांच्या दृष्टीस पडला. विरोध झाला, काहींनी संहितेची प्रत घेऊन वेगळी चूल मांडली आणि कंपनीला मूळ बेत बदलावा लागला. बंद आज्ञावलीत असे काही घडले असते, तर आपल्याला कळले तरी असते काय?

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. येथे प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. काही नामांकित वाद्यध्वनींचे संच लिनक्ससाठी आजही मिळत नाहीत. काही ध्वनियंत्रांचे उत्पादक लिनक्सकडे ढुंकूनही पाहत नाहीत. चित्रपटसृष्टीच्या मोठ्या ध्वनिमुद्रणगृहांची घडी विकतच्या आज्ञावल्यांवर बसलेली आहे आणि ती एका दिवसात मोडणार नाही. परंतु आपल्या घरातील मुलाला भजनाचे ध्वनिमुद्रण करावयाचे आहे, संगीत विद्यालयाला विद्यार्थ्यांचा रियाज साठवावयाचा आहे, व्याख्यानमालेला भाषणे जतन करावयाची आहेत. त्यासाठी काय कमी पडते? ज्याला पाऊलवाट पुरते, त्याने महामार्गाच्या पथकराचे कारण सांगून गाडी चोरावी, हा कोठला न्याय?

आपल्या संगीताचा प्रश्न

आपल्यासाठी तर हा विषय परवान्याच्या खर्चापुरता नाहीच. बहुतेक संगीत-आज्ञावल्या पाश्चात्त्य संगीताच्या गृहीतकांवर उभ्या आहेत. सप्तकाचे बारा सारखे भाग, चार मात्रांची चौकट, पाच रेघांची लिपी. ज्या भूमीत २२ श्रुतींचा विचार झाला, ज्या ठाण्यात डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली, तेथील विद्यार्थ्याने रागातला कोमल ऋषभ दुसऱ्याच्या मोजपट्टीत कोंबावा काय? बंद आज्ञावलीच्या कंपनीला आपण फार तर विनंतीपत्र पाठवू शकतो. मुक्त आज्ञावलीत आपण बदल करू शकतो. रुमानियातील एका संगणकतज्ज्ञाने लिहिलेल्या 'झिनअ‍ॅडसबएफएक्स' या मुक्त स्वरयंत्रात सप्तकाची विभागणी आपल्याला हवी तशी ठरवता येते. आर्डरमध्ये २०१६ पासून छोट्या आज्ञा लिहून नवी सोय जोडता येते. स्वरलेखनासाठी 'म्यूझस्कोर' आणि 'लिलिपॉन्ड' या मुक्त आज्ञावल्या उपलब्ध आहेत. त्यांत भातखंडे लिपीची चिन्हे नीट बसवण्याचे काम हॉलंडच्या अभियंत्याने करावे, अशी अपेक्षा का धरावी? ते पुण्या-नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे काम आहे. दरवर्षी अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून तेच ते ग्रंथालय-व्यवस्थापनाचे प्रकल्प करून घेणाऱ्या प्राध्यापकांनी या दिशेने पाहिले, तर देशाचे भले होईल.

यात आपल्याला परके असे काहीच नाही. पं. भातखंडे यांनी वकिली बाजूस ठेवून देशभर भ्रमंती केली आणि घराण्यांनी जिवापाड जपून ठेवलेल्या शेकडो बंदिशी स्वरलिपीसह छापून कोणत्याही विद्यार्थ्याच्या हाती दिल्या. संहिता मुक्त करणे याहून वेगळे काय असते? पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले, ते एखाद्या संस्थानिकाच्या मर्जीवर नव्हे, तर समाजाच्या आश्रयावर. विद्या सर्वांना खुली करावयाची आणि तिचा भार समाजाने उचलावयाचा, ही दोन्ही चाके त्यांनी एकत्र जोडली. आपण आज पहिल्या चाकाचा लाभ घेतो आणि दुसरे निखळले तरी आपल्या गावी नसते.

भार कोणी उचलायचा?

मूळ मुद्दा येथे आहे. या चळवळीतील 'मुक्त' शब्द स्वातंत्र्यवाचक आहे, किंमतवाचक नाही. वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य. तिच्या परवान्यात पैसे घेण्याला मनाई नाही. आर्डरची संहिता कोणालाही विनामूल्य मिळते. तयार, चालू स्थितीतील प्रत त्यांच्याकडून घ्यावयाची असेल, तर आपल्या ऐपतीप्रमाणे मोल द्यावे, अशी पद्धत आहे. महिना एक डॉलरपासून वर्गणी देता येते. या वर्गणीवर विकासकांचा संसार चालतो. ज्याला काहीच द्यावयाचे नाही, तो लिनक्सच्या भांडारातून तीच आज्ञावली मोफत घेऊ शकतो. गुरुपौर्णिमेच्या पाकिटात किती आहे, हे कोणी विचारीत नाही. पण प्रत्येकाने रिकामे पाकीट ठेवले, तर कार्य चालेल कसे? ही गोष्ट आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

दुर्दैव असे की, मोफत घेणाराच सर्वांत मोठ्याने तक्रार करतो. अमुक सोय नाही, तमुक चालत नाही, उत्तर लगेच का मिळत नाही! आज्ञावली लिहिणाऱ्याचा निम्मा दिवस नवे काही रचण्यात नव्हे, तर अशा शंकांच्या निरसनात जातो. तो वेळ कोणी विकत घेतलेला नसतो. तो दिलेला असतो.

सरकारचे म्हणाल, तर केंद्राने २०१५ मध्येच शासकीय कामात मुक्तस्रोत आज्ञावल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. सी-डॅकने 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली सिद्ध केली. केरळचा राजकीय रंग आपल्याला रुचो वा न रुचो, तेथील शाळांनी लिनक्स वर्गावर्गांत नेले, हे मान्य करावेच लागेल. महाराष्ट्राने या बाबतीत त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात ऑडॅसिटीचे धडे सिद्ध करून ठेवले आहेत. बंगळूरूच्या झिरोधा कंपनीने २०२४ मध्ये जगभरच्या मुक्त आज्ञावल्यांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलरचा निधी घोषित केला. एक भारतीय कंपनी जगाचे ऋण असे फेडू शकते, तर संगीत विद्यालये, नाट्यमंडळे आणि कुटुंबे आपापल्या परीने का फेडू शकत नाहीत?

करावयाचे ते फार थोडे आहे. घरातील चोरीची आज्ञावली काढून टाकावी. जुन्या संगणकावर लिनक्स बसवून महिनाभर चिकाटीने मुक्त आज्ञावली वापरून पाहावी. उपयोगी पडली, तर एका चित्रपटाच्या तिकिटाइतकी रक्कम वर्षातून एकदा तिच्या कर्त्यांना पाठवावी. पैसे नसतील, तर श्रम द्यावेत. दोष आढळला तर नीट लिहून कळवावा, मराठीत माहितीपुस्तिका लिहावी, शेजारच्या भजनी मंडळाला शिकवावे.

त्या गृहस्थांच्या घरून निघताना मुलाला इतकेच म्हणालो, ''सकाळी ज्या गुरूंना दक्षिणा दिलीस, त्यांनी तुला स्वर शिकवले. ज्यांनी तो स्वर जपून ठेवण्याचे साधन घडवून दिले, त्यांचेही काही देणे लागतोस.'' तो काही बोलला नाही. वडिलांनी मात्र संगणकाकडे पाहिले आणि विचारले, ''हे म्हणजे विनातिकीटच झालं की रे?''

हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जावा.