गोड पर्याय निवडा, लायसन्स मिळवा?

शनिवारची सकाळ आहे, तेव्हा आधी एक प्रश्न सोडवा. साठीच्या एका गृहस्थांचा बायॉप्सीचा रिपोर्ट आलाय. कॅन्सर आहे. मुलगा डॉक्टरांना दाराबाहेर गाठून म्हणतो, "बाबांना काही सांगू नका, ते खचतील." डॉक्टरने काय करावं?

(अ) मुलाचं ऐकावं. (ब) तडक आत जाऊन सगळं सांगून टाकावं. (क) मुलाची भीती समजून घ्यावी आणि मग बाबांनाच विचारावं, तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय? (ड) प्रकरण हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीकडे ढकलावं.

अमेरिकेत डॉक्टरकीचं लायसन्स हवं असेल तर यूएसएमएलई द्यावी लागते. तिच्यात या धर्तीचे प्रश्न असतात आणि उत्तर अर्थातच क. माझा कॉलेजातला एक मित्र एमबीबीएस करून सध्या तिचीच तयारी करतोय. त्याचं म्हणणं, "यात अभ्यास कसला रे? सगळ्यात गोड बोलणारा पर्याय निवडायचा, कमिटीवाल्याला हात लावायचा नाही. संपलं!"

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. टेस्ट केस आधीच माहीत असली की कोड कसा लिहिला जातो, हे मला वेगळं सांगायला नको. सगळ्या टेस्ट हिरव्या आणि प्रॉडक्शनमध्ये बोंब. मग हे प्रश्न निरुपयोगी आहेत का? मला तसं वाटत नाही. इथे आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. माणूस चांगला असणं वेगळं आणि आपलं कर्तव्य नेमकं काय आहे हे माहीत असणं वेगळं. पहिलं पेपरात मोजता येत नाही, दुसरं येतं. आणि दुसऱ्याच्या अभावी होणारं नुकसान काही कमी नसतं.

समीरा कोहली खटला बघा. १९९५ साली दिल्लीत एक स्त्री पोटाच्या तपासणीसाठी, म्हणजे लॅपरोस्कोपीसाठी टेबलवर गेली. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, अंडाशय काढून टाकले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २००८ साली कोर्टाने सांगितलं की रुग्ण सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, मग आईची संमती चालणार नाही. तपासणीला दिलेली संमती ही ऑपरेशनची संमती नव्हे. गंमत म्हणजे (गंमत कसली!) डॉक्टरांचा हेतू वाईट होता असं कोर्टही म्हणत नाही. चुकलं ते कर्तव्य कुठे सुरू होतं याचं भान. हे शिकवता येतं. आणि आपल्याकडे जे परीक्षेला येतं तेच शिकलं जातं, हे काय मी सांगायला पाहिजे?

बरं, पर्यायांच्या पलीकडे जायचं तर? अमेरिकेने २००४ साली एक प्रयोग सुरू केला. खोटे पेशंट. प्रशिक्षित नट पेशंट बनून बसणार आणि डॉक्टरने एका दिवसात अशा बारा जणांशी पंधरा-पंधरा मिनिटं बोलायचं. फी तेराशे डॉलरच्या घरात, केंद्रं फक्त पाच शहरांत, तीही अमेरिकेतच. म्हणजे पुण्याच्या पोराला विमान आणि व्हिसा वेगळा. शिवाय अमेरिकेत शिकलेले जवळजवळ सगळेच पास व्हायचे, त्यामुळे "मग घेता कशाला?" ही ओरड होतीच. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे परीक्षा थांबली आणि २०२१ च्या जानेवारीत कायमची बंद झाली. इंग्लंडमध्ये मात्र बाहेरून आलेल्या डॉक्टरांना मँचेस्टरला आठ-आठ मिनिटांच्या अशाच फेऱ्या अजूनही द्याव्या लागतात.

अशी परीक्षा म्हणजे नुसतं नाटक का? कॅनडातला २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वेगळं सांगतो. ऑन्टारिओ आणि क्वेबेकमधल्या तीन हजारांवर डॉक्टरांचे असल्या परीक्षेतले मार्क आणि पुढे त्यांच्याविरुद्ध आलेल्या तक्रारी ताडून पाहिल्या. संवादात ज्यांचे मार्क कमी, त्यांच्याविरुद्ध तक्रारी जास्त. म्हणजे टेस्ट अपुरी असेल, पण खोटी नाही.

राहिला चारित्र्याचा प्रश्न. २००५ साली अमेरिकेत पुढे शिस्तभंगाची कारवाई झालेल्या डॉक्टरांचे कॉलेजातले जुने शेरे तपासले गेले. त्यांच्यात बेजबाबदार वागण्याच्या नोंदी इतरांपेक्षा बऱ्याच जास्त सापडल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर हा टेस्टिंगचा विषय नाही, लॉग वाचण्याचा आहे. तीन तासांच्या पेपरात जे दिसत नाही ते चार वर्षांच्या वॉर्डात दिसतं, कोणीतरी लिहून ठेवलं आणि वाचलं तर.

आणि आपण? परदेशात शिकून आलेल्यांसाठीची आपली परीक्षा ३०० एमसीक्यूंची, १५० ला पास. नीतीचे प्रश्न फॉरेन्सिक मेडिसिनच्या कोपऱ्यात. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला, ही खरंच चांगली गोष्ट. त्याच वर्षीच्या कायद्याने नेक्स्ट ही सगळ्यांसाठी एकच परीक्षा ठरवली, तिच्या दुसऱ्या टप्प्यात संवादाची प्रात्यक्षिक परीक्षाही होती. पण २०२३ मध्ये ती लांबणीवर पडली.

माझं मत सरळ आहे. एमसीक्यू ठेवा, कारण किमान नियम तरी पाठ होतील. पण त्याबरोबर माणसासमोर बसवून एक फेरी घ्या, आणि ती राज्याराज्यात घ्या, परवडेल अशी. वॉर्डातल्या वागण्याची नोंद लायसन्सच्या फाइलला जोडा. गोड पर्याय पाठ करून आलेला डॉक्टरही मला चालेल. निदान प्रश्न बाबांना विचारायचा असतो, मुलाला नाही, एवढं तरी त्याला ठाऊक असेल. आज कित्येक ठिकाणी संमतीचा फॉर्म येतो तो "इथे सही करा" म्हणतच, आणि तो कोणापुढे धरायचा हेसुद्धा कोणी विचारत नाही.